बिनडाखाचे तोडे

नवव्या कांडीवर चुंबक तरंगला नाही. बसला. टक्क असा बारीक आवाज झाला आणि तो तिथेच बसून राहिला. मी प्लॅस्टिकच्या चिमट्याने त्याला उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा टक्क. थर्मोकोलच्या खोक्यात द्रवरूप नायट्रोजन उकळत होता, त्याचा पांढरा गार धूर टेबलावरून घसरून माझ्या पोटावर येत होता, आणि वर गाळ्याचा पत्रा ऑक्टोबरच्या उन्हात कडकड वाजत होता. पोटाला हिवाळा आणि टाळूला भट्टी. पहिल्या आठ कांड्यांवर हाच चुंबक शहाण्यासारखा दोन मिलिमीटर वर हवेत थांबला होता. टिचकी मारली की जागच्या जागी गिरक्या घेत होता. मी ते धड पाहिलंही नव्हतं. रोज दूध उतू गेलं नाही की आपण दुधाकडे बघतो का? आता मात्र बघत होते. दहावी कांडी बुडवली, गार व्हायला पुरता वेळ दिला. टक्क. अकरावी. टक्क. बारावी मी चिमट्याखाली दुसरा हात धरून उचलली. तिनेही तेच केलं. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. समोर नोंदवही उघडी पडली होती आणि तिच्यात 'चुंबक तरंगला?' या रकान्यात, बाराही कांड्यांपुढे, माझ्याच वळणदार अक्षरात, काल संध्याकाळीच लिहून ठेवलेलं होतं: हो, हो, हो, हो.

काल का लिहिलं? घाई, दुसरं काय. तपासणी म्हणजे नुसती औपचारिकता, असं मला वाटत होतं. महिनाभर नुसतं 'मोडतंय का, मोडतंय का' एवढंच डोक्यात होतं, आणि मोडत नव्हतं, त्या आनंदात मी लग्न लागायच्या आधीच अक्षता टाकल्या. आमच्या या काळ्या कांडीची गंमत अशी की ती आहे मातीच्या जातीची. भाजलेली वस्तू. करंगळीएवढी जाड, वीतभराहून कमी लांब. नायट्रोजनच्या थंडीत ठेवली की तिच्यातून वीज जराही अडथळा न होता जाते, आणि तशी जात असेल तरच वर ठेवलेला चुंबक तरंगतो. तांब्याच्या तारेचं तोंड लाजेने काळं व्हावं अशी जाते. पण हातातून टेबलावर पडली की दोन तुकडे. तिच्या अंगात मुळातच बारीक भेगा असतात, आणि एक भेग धावत सुटली की थांबवायला आत कोणी नसतं. म्हणून तिच्यात चांदी घालायची. चांदी त्या काळ्या कणांशी भांडत नाही, त्यांच्यात मिसळतही नाही. कणांच्या मधल्या फटींतून बसते, आणि भेग आली की स्वतः थोडी ताणली जाऊन तिला तिथेच रोखते. घरात एखादी बाई असते ना तशी. सगळ्या धातूंत हे एकट्या चांदीला जमतं. बाकीचे आत शिरतात आणि वाट लावतात. सगळ्यात वाईट जस्त. चिमूटभर जस्त गेलं की कांडी दिसायला तशीच, वजनाला तशीच, मोडायला उलट चिवट, पण तिच्यातून वीज जाताना अडखळते.

तीन वाजता हर्षवर्धन येणार होता. पंधरा वर्षांपूर्वी मुंबईतल्या संस्थेत तो माझ्या हाताखाली पावडरी कुटत होता, आता तिथेच शास्त्रज्ञ आहे. मी पावडरी कुटता कुटता बाहेर पडले. कारण सांगायला कोणाला आवडतं? माझ्या कांड्या मोडायच्या. चार वर्षं मोडल्या. शेवटची तर सरांच्या समोर मोडली, कोणी वाकवली नाही, ठोकली नाही, मी फक्त दोन बोटांनी उचलली, आणि तिचा अर्धा भाग माझ्या हातात आणि अर्धा भांड्यात राहिला. सरांनी चष्मा पुसला फक्त. तेव्हापासून मी चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी उचलते, नवरा, तेजस, मला चिडवतो, 'काय गं, प्रसाद आहे का?' त्याला वाटतं ही माझी लकब आहे. त्यानंतर बारा वर्षं मी कामण रोडवरच्या या गाळ्यात मालक ग्लेनसाठी हीटरचे मणी आणि चिनीमातीच्या नळ्या भाजत बसले, आणि भाजल्या की त्या मोडत नाहीत एवढ्यावर समाधान मानलं. मग सहा महिन्यांपूर्वी हर्षवर्धनचा फोन आला. त्यांच्या मोठ्या चुंबकाला वीज आणून देणाऱ्या बारा कांड्या हव्या होत्या, न मोडणाऱ्या. 'मॅडम, हे तुमच्याशिवाय कोणी करणार नाही,' म्हणाला. त्या एका वाक्यावर मी सहा महिने जगले. म्हणजे गणित सोपं होतं. तीन वाजता बारा कांड्या त्याच्या हातात गेल्या तर मी ती बाई, जिने केलं. नाही गेल्या तर मी तीच बाई, जिच्या हातात मोडलं.

"काय झालं गो?" फेलिशियाने पलीकडून विचारलं. ती साच्यात पावडर दाबायच्या यंत्रावर असते, निर्मळ गावची, पन्नाशीची, कान माझ्या सासूसारखे तिखट. "काही नाही," मी म्हटलं, "थंडी कमी पडली." खोटं बोलायला मला अर्धा क्षणही लागला नाही याचं मलाच नवल वाटलं. मग मी भट्टीचा कागद काढला. बाराही कांड्या एकाच भट्टीत, एकाच दिवशी, ऑक्सिजनची धार एकच, निवण्याचा वेग एकच, एका तासाला जेमतेम पन्नास अंश. तिथे खोट नव्हती. काळी पावडर एकाच पिंपातली. तिथेही नव्हती. फरक एकच होता, आणि तो मला कागद काढायच्या आधीच माहीत होता. कागद मी नुसता वेळ काढायला काढला होता. मागवलेली चांदी आठ कांड्यांनाच पुरली. कंपनीने उरलेली पाठवायला पंधरा दिवस लावले असते, आणि भट्टी त्या सोमवारी लावली नसती तर आजची तारीख गेली असती. शेवटच्या चार कांड्यांत आईच्या तोड्याची चांदी होती.

हे वाचून कोणाला वाटेल, ही बाई शिकलेली आणि दागिन्याची चांदी घालते? अहो, विचार केला होता मी! दागिन्याच्या चांदीत मिसळ असते ती तांब्याची. आणि तांबं तर आमच्या काळ्या पदार्थात आधीच ढीगभर आहे, थोडं वाढलं तर कोण विचारतो. धोका फक्त डाखाचा. सोनार सांधा जोडताना जो डाख लावतो त्यात जस्त असतं. ते शाळेतल्या पोरीलाही सांगता आलं असतं. पण हे तोडे बिनडाखाचे होते. हे मला जितकं पक्कं ठाऊक होतं तितका माझा स्वतःचा रक्तगटही ठाऊक नाही. आमच्या आगाशीच्या घरात ती जवळजवळ आरतीच होती. आजीचे तोडे, एकाच ओतीव चांदीचे, वरून वेलबुट्टी कोरलेली, ना फासा ना कळ, हात चोळून सरकवून घालायचे. आजीने नियम घातला होता की हे तोडे कधी कापायचे नाहीत, वाढवायचे नाहीत. ज्या सुनेच्या हातात बिनतेलाचे, बिनडाखाचे जातील तिचे. आधी थोरलीने घालून बघायचे, नाही गेले तर धाकटीचे. मीराकाकू लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ओटीवर सगळ्या बायका जमवून आजीने हा सोहळा केला. माझी आई थोरली. तिने मूठ आवळली, आणि तोडे गेले. मीराकाकूचा हात केळीच्या कोंबासारखा, तिला तर ते सैलच झाले असते, पण तिची पाळीच आली नाही. पुढे वाडीची वाटणी झाली, मध्ये मेंदीचं कुंपण आलं, आणि त्या कुंपणावरून चाळीस वर्षांत सुकेळ्यांचं, वाळवलेल्या केळ्यांचं, एक पुडकंही इकडून तिकडे गेलं नाही. भांडण तोड्यांचं होतं असं कोणी म्हणत नसे. कोणी कशाचंच म्हणत नसे. पण आई कोणाशीही बोलताना, चारचौघांत, हळदीकुंकवाला, बँकेच्या रांगेत, हात पुढे करून म्हणायची, 'अखंड आहेत हो, कुठे डाख नाही.' कोणी विचारलेलं नसताना.

गणपतीत तिने ते मला दिले. 'माझे हात आता सुकले, गळून पडतात. तुला घालायचे नसतील तर मोड.' दागिना मोडणे म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं, पण मी दिवसभर जे मोडतं ते न मोडावं म्हणून खपणारी, मला तो शब्द कानाला लागला. मग त्या रविवारी दुपारी, आमच्या एव्हरशाईनमधल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरून मी एक तोडा कानशीने घासायला घेतला. सगळा लागणार नव्हता, चार कांड्यांना चोवीस ग्रॅम पुरे होते. वेलबुट्टी खराब करायचं जिवावर आलं. म्हणून कुठून सुरुवात करावी ते बघत तोडा फिरवला, तर एका बाजूला दोन बोटं रुंद जागा अशी होती की तिथे नक्षी नव्हतीच. गुळगुळीत. मला बरं वाटलं. आयती जागा मिळाली! तिथूनच घासलं. आता, नवव्या कांडीसमोर उभं राहून, मला ती दुपार हातांतून परत यायला लागली. डोळ्यांना नाही आठवत, हाताला आठवतं. आधी, नक्षीच्या कडेला, कानस लोण्यासारखी चालली. मग एकदम तिने सूर बदलला. किरर्र झालं. धातू कठीण झाला, हात घसरला, तेजस आतून ओरडला, 'दात शिवशिवतात गं, बंद कर.' मी कानस तिरकी धरली आणि जोर लावला. आणि तिथे केसाएवढी एक पिवळसर रेघ होती. होती! मी पाहिली. मळ असेल म्हटलं. अंगठ्याने पुसली, गेली नाही, तर दोन फटके जास्त मारून घासून टाकली. कारण आईच्या तोड्यांना डाख नाही. मी बारा वर्षं चिनीमातीत आणि चार वर्षं संस्थेत घालवली, रेघ दिसली की थांबायचं हे माझ्या हाडात आहे, आणि तरी थांबले नाही. कारण तसं ठरलेलं होतं, ओटीवर, चाळीस वर्षांपूर्वी, मी जन्मायच्याही आधी.

आणि मग दुसरी गोष्ट आठवली, ती याहून वाईट. आईची लकब. बोलताना ती उजव्या हाताने डाव्या हातातला तोडा फिरवायची, मग डाव्या हाताने उजव्यातला. मला वाटायचं चाळा आहे. लहानपणी तिच्या मांडीवर पडून मी तो चाळा तासन्‌तास बघितलाय; गुळगुळीत जागा मनगटाच्या आत, नाडीवर, आणि वेलबुट्टी बाहेर. तोडा जरा फिरला की ती त्याला परत फिरवायची. मीराकाकू कुंपणापलीकडे फुलं तोडताना दिसली की जास्तच. बापरे. ती चाळीस वर्षं चाळा करत नव्हती, लपवत होती. नक्षी नसलेली ती दोन बोटं म्हणजे मागाहून घातलेला तुकडा होता. आणि तो चांदीचा नव्हता, नाहीतर कानस अडखळली नसती. जर्मन सिल्व्हर, नावातच काय ती चांदी. त्यात पाव हिस्सा जस्त. दोन्ही टोकांना डाख, त्यातही जस्त. मी नेमकं तेच, वेचून वेचून, चार कांड्यांत घातलं होतं.

मी गाळ्याबाहेर आले आणि आईला फोन लावला. बाहेर कंटेनरची रांग लागलेली, गोदामांकडे वळणारा एक ट्रक मागे येताना चिमणीसारखी चिवचिव करत होता. "आई, तोड्यांना डाख होता का?" मी नमस्कार नाही, कशी आहेस नाही, एकदम हेच विचारलं. "कसला डाख? अखंड आहेत ते," ती सराईतपणे म्हणाली. मला तिच्याकडच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "कोणी सांगितलं? मीरेने?" उभ्या जन्मात मी तिच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. "कोणी नाही सांगितलं. मी घासला तो. माझ्या कांड्या गेल्या त्याच्यापायी." कांड्या म्हणजे काय ते तिला नेमकं कळलं नसावं, पण काहीतरी गेलं एवढं कळलं. "मला माझ्या हाताची लाज होती गो," ती म्हणाली. "रहाट ओढून ओढून पंजा असा रुंद झालेला. आणि ती येणार होती ती कशी, सगळे सांगायचे, चवळीची शेंग. नव्या सुनेपुढे माझी मूठ अडकली असती तर? तोडे सासूच्या पेटीत, पण किल्ली माझ्याकडे असायची. तुझा मामा दोन्ही घेऊन गेला विरारला, वाढवायला. सोनार म्हणाला चांदी लावतो, पण तेवढी चांदी आणायची कुठून आणि विचारायचं कोणाला. त्याने दुसरंच काही लावलं. म्हणाला कोणाला कळणार नाही." मी म्हटलं, "मीराकाकूचे होते ते." ती पटकन म्हणाली, "ते मला नको सांगूस." आणि मग, जरा थांबून, मला समजवायला लागली, मी लहान असल्यासारखी. "हे बघ, तुझं ते जे काय आहे, त्यात दिसतंय का काही वरून?" "नाही." "मोडतंय?" "नाही. उलट जास्त चिवट आहे." "मग झालं तर. एकदा बोलायचं तर शेवटपर्यंत बोलायचं. मी बोलले ना? काही मोडलं का?"

काही मोडलं नव्हतं, हे खरंच होतं. मी परत आत आले, टेबलाशी बसले, आणि आईचं ते वाक्य डोक्यात भट्टीच्या घंटीसारखं वाजत राहिलं. दोन घरं उभी होती, कोणी कोर्टात गेलं नाही, कोणी विहिरीत पडलं नाही, सण झाले, बारशी झाली, आजी सुखाने गेली. चांगली मजबूत घरं. फक्त मेंदीच्या त्या कुंपणातून चाळीस वर्षांत काही गेलं नाही. मी आठ वर्षांची असताना मला ताप आला तेव्हा मीराकाकू कुंपणापलीकडे उभी होती, हातात काहीतरी वाटी होती, ती बराच वेळ उभी राहिली आणि वाटी घेऊन परत गेली. आईने आतून बघितलं, तोडा फिरवला. मला ती वाटी अजून दिसते. काय होतं तिच्यात कोण जाणे. नववी कांडी मी हातात घेतली, ती आता खोलीच्या उष्णतेला आली होती, तिच्यावर पाण्याचे थेंब जमले होते. अगदी पहिल्या आठांसारखी. मला तिचा राग आला, आईचा आला, त्या मेल्या सोनाराचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या चार 'हो' चा आला.

दोन वाजता ग्लेन आला, नवा शर्ट घालून. या गाळ्याचा मालक, पण पाहुणा येणार म्हटलं की वधूपित्यासारखा घामेजतो. "मेघना, ओके आहे ना सगळं? पेपर रेडी?" मी मान हलवली, कुठल्या दिशेला ते मलाही कळलं नाही. "अगं बोल ना यार, टेन्शन देऊ नको." मी म्हटलं, "येऊ दे त्याला." तीनला हर्षवर्धनचा फोन आला, कामणच्या नाक्याला अडकलोय, कंटेनर आडवा झालाय. साडेतीन झाले. पावणेचार. आडवा पडलेला कंटेनर माझ्या बाजूने आहे की विरुद्ध ते मला ठरवता येईना. त्या पाऊण तासात मी सगळं करून बघितलं. हर्षवर्धन इथे चुंबक ठेवून बघणार नव्हता, ते त्याने आधीच सांगितलं होतं, 'तुम्ही लिहिलंय म्हणजे बास.' त्याला फक्त वाकवण्याची परीक्षा बघायची होती, आणि तिच्यात शेवटच्या चारांचे नमुने पहिले येत होते. मी गप्प बसले तर कोणाला कळणार नव्हतं, जोपर्यंत ते संस्थेत त्या कांडीतून दोनशे अँपिअर सोडत नाहीत. मग ती तापेल. तापली की फुटेल, आणि ते मोठं चुंबक एका झटक्यात बंद पडेल, सगळा गार वायू फुत्कारत बाहेर येईल, आणि त्या वेळी शेजारी कोण उभा असेल? ज्याने माझ्यावर विश्वास ठेवला तो. पण तेव्हाही म्हणता येईल, वाहतुकीत काही झालं असेल. बसवताना चूक झाली असेल. म्हणता येईल. शेवटपर्यंत म्हणता येतं. मी घड्याळाचा पट्टा मनगटावर फिरवत होते, हे माझ्या लक्षात आलं, आणि मी तो काढून खणात टाकला.

चारला तो आला. केस विरळ झालेले, बाकी तोच, उंबऱ्यात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाला, "मॅडम, आधी मोडून दाखवा." नमुन्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, त्याने डोळे मिटल्यासारखं करून एक उचलली, आणि निघाली ती नेमकी अकराव्या कांडीच्या बरोबरची. दोन टेकूंवर पट्टी ठेवली, वरून पात्याने दाब द्यायला सुरुवात केली. आकडा चढत गेला. जिथे माझ्या पंधरा वर्षांपूर्वीच्या कांड्या काडीसारख्या तुटायच्या तो आकडा आला आणि गेला. ग्लेन श्वास रोखून उभा होता, फेलिशिया यंत्र बंद करून आली होती. आकडा दुप्पट झाला, तिप्पट झाला, आणि तेव्हा कुठे पट्टी मोडली, तीही उडून नाही, नाराजीने, एक भेग अर्ध्यावर थांबून. हर्षवर्धनने टाळी वाजवली. खरंच वाजवली! "मॅडम, सरांनी बघायला हवं होतं हे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा वर्षं हे ऐकायची मी वाट बघत होते, आणि ते मला नेमकं त्या पट्टीबद्दल ऐकायला मिळालं जी खोटी होती. त्याने खिशातून पेन काढलं, नोंदवही पुढे ओढली, शेवटचं पान उलटलं. ग्लेनने त्याच्यासाठी सही करायची जागा बोटाने दाखवली.

"थांब," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता, आजीचा होता बहुतेक. मी खोक्यात नायट्रोजन ओतला, अकरावी कांडी बुडवली, आणि सगळे बघत असताना चुंबक तिच्यावर ठेवला. टक्क. मी पुन्हा ठेवला, म्हणजे चुकून झालं असं कोणाला वाटायला नको. "आठ तरंगतात. चार नाही तरंगत. ते 'हो' मी काल न बघता लिहिलेत." हर्षवर्धनने टोपण लावलं. मला वाटलं चष्मा पुसेल, पण त्याला चष्मा नव्हता. ग्लेन खुर्चीवर बसला, "अरे देवा, मेघना," एवढंच म्हणाला. हर्षवर्धन त्या बसलेल्या चुंबकाकडे बघत म्हणाला, "बाराशिवाय आमचं जमत नाही, मॅडम. हे वर्ष गेलं." "माहीत आहे." "आणि हे वहीत लिहावं लागेल. तुमचं नाव आहे." "लिही." "कारण काय लिहू?" मी म्हटलं, "चांदी माझ्या आईच्या तोड्याची होती. तोड्याला डाख होता." बोलायला तीन शब्द होते, तोड्याला डाख होता, पण ते तोंडातून काढताना मी जणू चाळीस वर्षांचं गिळलेलं बाहेर काढत होते. त्याने आठांपुढे खूण केली, चारांपुढे रेघ मारली आणि माझ्या अक्षराखाली आपल्या अक्षरात लिहिलं: जस्त. निघताना दारात थांबला आणि म्हणाला, "चार परत करा. शुद्ध चांदीतून. पुढच्या वर्षी चुंबक पुन्हा उघडू." हो की नाही ते विचारलं नाही त्याने. मीही सांगितलं नाही.

तो गेल्यावर पाच मिनिटांत आईचा फोन आला. "काय केलंस?" "सांगितलं." पंखा फिरत होता तिकडे. "सगळ्यांसमोर?" "हो." "ती निर्मळची होती का तिथे? फेलिशिया?" मी मागे वळून बघितलं. फेलिशिया पदराने तोंड पुसत होती, आणि माझ्याकडे बघत नाही असं दाखवत होती. "होती." "मेले मी!" आई म्हणाली. "रविवारी मिस्सा सुटला की चर्चच्या दारात, आणि सोमवारी फुलं घ्यायला तिची बहीण मीरेच्या ओट्यावर." मला एवढ्या सगळ्यात हसू आलं, आणि हसता हसता रडू. तिकडे खडखड आवाज झाला, ती उठली असावी. कपाट उघडलं, बंद झालं. "आई, काय करतेयस?" "दुसरा तोडा तुझ्याकडे आहे ना?" "माझ्याकडेच." "मग रिकाम्याच हाताने जावं लागणार," ती पुटपुटली. "दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा…" वाक्य तिने सोडून दिलं. फोन बंद करायला ती विसरली होती, किंवा मुद्दाम केला नव्हता. मला तिच्या चपला ऐकू आल्या, मग वाळलेल्या केळीच्या पानांवरून जाणारी पावलं, सावकाश, अधूनमधून थांबत. मग पावलं थांबली, कुठेतरी पंप चालला होता. गाळ्यात ग्लेन मान खाली घालून बसला होता, खोक्यातला नायट्रोजन उडून संपत आला होता, आणि अकरावी कांडी पांढऱ्या दहिवराने भरली होती. मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"मीरे," आईचा आवाज आला. चढलेला, चिरका, मी कधी न ऐकलेला. "ए मीरे. आहेस का गो घरात?"

पलीकडून अजून कोणी ओ दिली नव्हती.